तारखेसकट

शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी चर्चचे पाळक मावशींच्या शिवणाच्या खोलीत आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "उद्या उपासनेत तुम्ही बोला. चिठ्ठी नको, काही नको. मनात येईल ते बोला."

मावशींनी मशीन थांबवलं नाही. सगळी मंडळी त्यांना मावशीच म्हणायची, त्यांच्याहून थोरली माणसंसुद्धा. पायाशी गायकवृंदाच्या पांढऱ्या झग्यांचा ढीग होता. शिवण टोकापर्यंत नेऊन त्यांनी दोरा तोडला आणि बटणांच्या डब्याखालून एक कागद काढून पुढे केला.

"उद्याची. कालच लिहून ठेवलीय."

पाळकांनी वाचली. 'घाबरू नका. देव आपल्याबरोबर आहे. सगळं ठीक होईल.'

"खोडावं लागेल असं काही नाही त्यात," मावशी म्हणाल्या. "दोन वर्षांत तेवढं शिकलेय मी."

चिठ्ठीचा नियम पाळकांचाच. पूर्वी उपदेश संपला की देवाने मनात घातलेला शब्द कुणीही उभं राहून सांगायचं. एकदा असा शब्द कुणाला तरी फार झोंबला आणि अर्धी मंडळी चहाला न थांबता निघून गेली. तेव्हापासून शब्द शुक्रवारपर्यंत लिहून द्यायचा आणि पाळकांनी योग्य वाटेल तो वाचायचा, असं ठरलं. भांडणं थांबली. उपासना वेळेवर सुटू लागली.

बुधवारी सकाळी सात पंचविसाला मंडळीच्या शाळेची गाडी वळणावरचा कठडा तोडून ओढ्यात गेली. गाडीत अकरा मुलं होती. दहा घरी आली. अकरावी, गायकवृंदात दुसऱ्या रांगेत उभी राहणारी मुलगी, अजून बेशुद्ध होती. गाडी चालवत होते पाळकांचे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं होतं आणि खाटेशेजारी पोलीस बसून होता. रक्ताचा अहवाल सोमवारी मिळणार होता.

"लोकांना खरं ऐकायचंय, मावशी."

"आता? आता तर त्या ओढ्यालाही माहितीये." मावशींनी दुसरा झगा ओढला. "वास कुणाला येत नव्हता? मला सर्दी झाली होती तेव्हाही येत होता. पुदिन्याच्या गोळ्या चघळून चघळून दात पडायची वेळ आली माणसाची, पण वास काही हटला नाही."

पाळक स्टुलावर बसले.

"मी बोलणार होतो दाजींशी. गेलोही होतो."

"मग?"

"ताईने चहा केला. दाजी खुशीत होते. ताईही कितीतरी दिवसांनी हसत होती. उकाड्याबद्दल बोललो आणि उठलो."

मावशींनी सुईत दोरा ओवला. दुसऱ्या खेपेला ओवला गेला.

"तुम्ही एकटे नाही," त्या म्हणाल्या. "त्यांच्या पिण्याबद्दलची चिठ्ठी मी तीनदा लिहिली. पहिली तुम्ही ठेवून घेतलीत, जरा सौम्य करून द्या म्हणालात. दुसरी परत आली. तिसरी मात्र मीच गोड करून दिली. त्याच आठवड्यात हे सव्वीस झगे तुम्ही माझ्याकडे सोपवले होते. म्हटलं, पाळक आपल्यावर खूश आहेत, कशाला उगीच वाईटपणा घ्या."

तिसरी पाळकांना पाठ होती. 'मुलांची प्रेमाने ने-आण करणाऱ्या आपल्या भावासाठी प्रार्थना करू या.' सगळे मोठ्याने आमेन म्हणाले होते. दाजींचे डोळे भरून आले होते.

"पहिली फाडलीत?"

पाळकांनी शर्टाच्या खिशातून ती काढली. बुधवारपासून तिथेच होती. 'आपल्या मुलांची गाडी चालवणारा सकाळी पिऊन येतो. हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. गप्प बसलेल्या प्रत्येकाला देव जाब विचारील.' कोपऱ्यात तारीख होती. मापाच्या चिठ्ठीवर घालायच्या तशीच मावशी सगळ्याच कागदांवर तारीख घालत.

"उद्या हीच वाचा."

"वाचतो." पाळकांनी अंगठा कोपऱ्यावर ठेवला. "पण ही तारीख, मावशी. सहा आठवड्यांपूर्वीची आहे. लोक विचारतील, इतके दिवस ही होती कुठे?"

"विचारतीलच. विचारावं म्हणूनच वाचायची. तारखेसकट."

"ताई पुढच्याच बाकावर बसते."

"माहितीये मला." मावशींनी सुई झग्यात खोचून ठेवली. "तुमची वाचून झाली की मी उभी राहीन. तिसरी कुणी लिहिली ते सांगायला. तुम्हाला एकट्याला नाही तिथे उभं ठेवणार."

मग त्यांनी वही उघडून एक माप पाहिलं आणि झग्याची खालची कड दुमडायला घेतली. दुमडीत चार बोटं कापड जास्तीचं ठेवलं.

"हा कुणाचा?"

"तिचाच. ह्या वयात पोरी बघता बघता उंच होतात."

रविवारी सकाळी नऊला घंटा झाली. दवाखान्यातून शेवटचा फोन आठ चाळिसाला आला होता. मुलीने डोळे उघडले नव्हते. गायकवृंदाच्या दुसऱ्या रांगेत एका रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर झगा घातलेला होता. पुढच्या बाकावर ताई बसली होती. त्या दिवशी तिच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं. मावशी तिच्यामागे तिसऱ्या बाकावर होत्या, समोरच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरून.

उपदेश बाजूला ठेवून पाळकांनी मावशींची पहिली आणि शुक्रवारची अशा दोन्ही चिठ्ठ्या पवित्र शास्त्रावर शेजारी शेजारी ठेवल्या. मंडळी थांबून राहिली. नऊ वाजून बारा मिनिटं झाली तरी त्यांनी दोन्हींपैकी एकही उचलली नव्हती.