तपासू, दुरुस्त करू, का नवाच टाकू?

मुलगी पाहून झाली तसे पैठणचे आप्पासाहेब उठले आणि "घरी जाऊन कळवतो" म्हणाले. याचा अर्थ 'नाही' असतो, हे मुकुंदवाडीत शेंबड्या पोरालाही कळतं. आप्पासाहेबांचा मुलगा मात्र आधीच बाहेर मोटारीपाशी जाऊन उभा होता.

आणि हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर हौसेनं घेतलेली ती मोटार काही केल्या सुरू होईना!

मुलीचे वडील काशिनाथराव स्वतः मोटारींचे मिस्त्री. त्यांनी इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, आत पाहिलं आणि लई गंभीर चेहरा केला.

"आधी तपासावं लागन आप्पासाहेब. मग ठरवू, दुरुस्त करायचा का नवाच टाकायचा. तव्हर चहा घ्या."

तपासण्यात चहा झाला. दुरुस्तीचा विचार करण्यात धपाटे झाले. नवा टाकावा का, यावर तर पुरणपोळीचं जेवणच झालं, आणि आमटीच्या तिसऱ्या वाटीला मुलीची आत्या आप्पासाहेबांच्या मेव्हणीची सख्खी जाऊ निघाली! मग काय, बसल्या पाटावर सुपारी फुटली.

घरभर साखर वाटणं चालू असताना काशिनाथरावांनी होणाऱ्या जावयाला मोटारीच्या आडोशाला नेलं आणि हळूच हात पुढं केला.



"जावईबापू, द्या आता खिशातला रोटर, त्याच्याबिगर मोटार सुरू व्हत नसती. झाकण काढलं तव्हाच त्याची जागा रिकामी दिसली व्हती मला."