ॲपवरचा पहिला नियम

सायकल ग्रुपच्या ॲपवर पहिलाच नियम होता: पुढच्याला खड्डा दिसला की त्यानं ओरडायचं. रविवारी दाजी पुढे होते, त्यांना गाठू पाहणारा सुतार मेव्हणा मागे. खड्डा दिसताच दाजींनी सायकल अलगद वळवली, पण तोंडातून ब्र काढला नाही. मेव्हणा तोंडावर आपटला, उजवा हात प्लास्टरमध्ये गेला आणि हातातली कामं अडली. आज दाजी त्याच्या वर्कशॉपमध्ये आले ते मोबाइल नाचवतच. "'मान्य' दाबलं होतंस ना ॲपवर? ज्यानं त्यानं स्वतःच्या जबाबदारीवर चालवायची!" "ओरडायचं कुणी होतं, दाजी?" "माझा घसा बसला होता," म्हणत दाजी न बघताच मागच्या खुर्चीकडे सरकले. तिचा मोडका पाय चिकटवायचा राहिला होता, नुसता टेकवून ठेवलेला. मेव्हण्यानं तोंड उघडलं, प्लास्टरकडे पाहिलं आणि मिटलं. दाजी बसले. मेव्हण्याचा घसा त्याआधीच बसला होता.