कोळशाचं दुसरं पोतं

साधनाच्या अप्पांनी पहिल्यांदा दिलेला कापसाच्या पऱ्हाट्यांचा कोळसा चिमूटभर टाकला की उसाच्या चिपाडातून प्लास्टिक बनवायचं रसायन भराभर निघायचं. दुसऱ्या पोत्यातला कोळसा मात्र ढिम्म. प्रयोगशाळेत सगळे चक्रावले. साधनाच्या गाईड मॅडम तिला म्हणाल्या, “वडिलांनाच विचार. स्पीकरवर टाक.” राणीसावरगावच्या माळावर मेंढ्या चारणाऱ्या अप्पांनी फोन उचलला. “कोळसा करताना काय बदललं, अप्पा?” “मागच्या बारीला खड्ड्यात पऱ्हाट्यांवर लेंड्यांचा थर दिला व्हता. ह्या बारीला न्हाई दिला, माय.” मॅडमनी टेबलावर थाप मारली, “लेंड्यांतला नायट्रोजन! तीच तर करामत!” टाळ्या वाजल्या. कानकोंडी झालेली साधना फोन बंद करायला धावली, पण अप्पा बोलतच होते, “मागं पोतं घिऊन आलो तवा सगळ्यांदेखत म्हनलीस ना, लय वास यायलाय. म्हून लेंड्या टाकल्या न्हाईत. अन् ह्या बारीला मी बी गेटावरच पोतं ठिवून माघारी फिरलो.”