कर्टिस कसा आहे?

मिनेसोटात एका तळ्याकाठी घरामागे लाकडी डेक, म्हणजे उघडा ओटा, असलेला ड्वेन एकटाच. उन्हाळ्यात तिथे मांस भाजत बसायचं आणि शेजारच्या हॅरल्डला धूर खायला लावायचा, हे त्याचं सुख. आता हॅरल्ड त्याहून मोठा डेक बांधणार म्हटल्यावर ड्वेनच्या पोटात दुखू लागलं.

"तुझा कंत्राटदार कर्टिस कसा आहे रे? विश्वासाचा आहे ना?" हॅरल्डने कुंपणापलीकडून विचारलं.

खरं तर कर्टिस म्हणजे सोन्यासारखा माणूस.

"चोर आहे लेका! काम अर्धवट टाकून पळतो," ड्वेन म्हणाला.

सोमवारी कर्टिसचा ट्रक हॅरल्डच्या दारात.

"अरे, तुला सांगितलं होतं ना!"

"म्हणून तर बोलावला," हॅरल्ड हसला. "तू चांगला म्हणाला असतास, तर दुसरा शोधला असता."