घाटात जीप का थांबली?

साहेब, तुम्ही खोटं बोलताय. दौलू मेला तो आरोग्य केंद्राची जीप जुनी होती म्हणून नाही.

साप चावलेल्या दौलूला मागच्या बाकावर निजवून मी जीप चालवत घाट चढत होतो. अर्ध्यात इंजिनाची ओढच गेली, काळा धूर सुटला. डिझेल फिल्टर खोलला, तो स्वच्छ होता.

"दादा, हाक मारली तरी बघंनात हो हे!" त्याची बायको ओरडली.

मग इंजिनात हवा नेणारा पाइप काढला, तर आत कागदाचा बोळा. तुमच्या पाहणीसाठी जीप घाईनं रंगवताना पेंटरनं रंग आत जाऊ नये म्हणून कोंबलेला, तसाच राहिलेला. बोळा उपसल्यावर जीप पळाली, पण दवाखान्याच्या दारातच दौलू गेला.

त्याची बायको रोज येऊन विचारते, "दादा, गाडी का थांबली?" मी थकलोय. तिला उत्तर द्यायला तुम्ही कधी येताय?