सव्वा किलोची ऊब

"आता मी जे सांगतो ते तुमी कोनीच मानणार नाई," डोमाजी म्हणाले, "पन मी बर्फाच्या कारखान्यात दोन लाद्यांच्या मधात झोपलो, अन् मले घाम फुटला."

ओसरीवर सकाळचं ऊन आलं होतं. मागच्या खोलीत वेचून आणलेला कापूस आढ्यापर्यंत रचलेला. शेजारचे सुधाकरराव चहाची बशी तोंडाशी नेता नेता थांबले.

"अन् बर्फवाल्यानं झोपू देल्लं, भाऊ?"

"झोपू देल्लं? त्यानंच अंडं आनून देल्लं. मी ते उशाशी घेतलं. सकाळी पिल्लू!"

सुधाकररावांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. शकुबाई मात्र हसल्या नाहीत. त्या वाती वळत बसल्या होत्या. सारं जैनथ गाव हसलं तरी डोमाजींना चालणार होतं. पटवायचं होतं ते फक्त बायकोला.

आदिलाबादला शिकणारी त्यांची नात हर्षाली जानेवारीत हिमालयात जायचं म्हणत होती. पाठीवर सामान घेऊन सहा दिवस चालायचं, रात्री बर्फात तंबू ठोकून झोपायचं. नाव पक्कं करायचा आज शेवटचा दिवस. आणि शकुबाईंचं एकच म्हणणं होतं: या घरातलं कोणी थंडीत जायचं नाही. गेल्या हिवाळ्यात डोमाजींची छाती भरली, तेव्हा आठ दिवस त्या दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसल्या होत्या. तेव्हापासून घरात थंडीचं नाव निघालं की त्या उठून आत जायच्या.

आज त्या उठल्या नव्हत्या, म्हणून डोमाजींनी गोष्ट सोडली नाही. कोपऱ्यात बसलेली हर्षाली पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती. वर पाहत नव्हती.

"खोटं जाऊ द्या," शकुबाई म्हणाल्या. "पिशवी दाखवा."

डोमाजींनी मोसंबीएवढी... बरं, टरबुजाएवढी गुंडाळी पुढं ठेवली. ती आणायला ते परवा एकटेच नागपूरला जाऊन आले होते.

"स्लीपिंग बॅग म्हनतात हिले. सव्वा किलो."

"आपली रजई चार किलोची हाय," सुधाकरराव म्हणाले. "चांगल्या कापसाची. तीच द्या ना पोरीले."

"चार किलो पाठीवर घेऊन डोंगर चढून पाह्य तू!"

"तुमाले काय, तुमी तं रोज सकाळी सरकीचं पोतं पाठीवर घेऊन शेतातल्या म्हशीले चारून राह्यले. तीन महिने झाले. म्हैस तुमच्यापेक्षा जाड झाली असन."

"दूध वाढलं तिचं," डोमाजी घाईनं म्हणाले आणि पुन्हा बॅगेकडं वळले.

दुकानात तीन बॅगा होत्या. डोमाजींनी तिन्हींवर आपली मूठ चालवली. हे डावखुरे, बैलगाडीवरून पडल्यापासून उजवा हात तर खांद्याच्या वर जातच नव्हता. पण त्या डाव्या मुठीत कापूस धरून सोडला की ओल किती, हे ते बाजारातल्या यंत्राआधी सांगायचे.

"पहिली दाबली, दाबल्या जागीच बसली. दुसरी उठली, पन आळस देत. तिसरी मूठ सोडताच उभी! बदकाच्या छातीवरची पिसं हायेत. जेवढी फुगते तेवढी ऊब. अन् थंडीचे आकडे दोन लिवले असतात. एक आरामात झोपाचा, एक नुसतं जितं राहाचा. दुकानवाले दुसरा दाखवतात. मी पहिला पाह्यला. उणे दहा डिग्री."

"भिजली तं?" शकुबाईंनी विचारलं.

चाळीस वर्षं डोमाजींनी गावाला अस्वलाच्या अन् बर्फाच्या गोष्टी सांगितल्या होत्या. प्रत्यक्षात बर्फ पाहिला होता तो रसवंतीच्या पेटीतला. पण या प्रश्नाला ते खोटं बोलले नाहीत.

"भिजली तं चोथा. काई कामाची नाई. म्हनून वरतून पानी न लागनारी थैली घेतली, अन् ओल्या कपड्यानं आत शिरायचं नाई."

शकुबाईंनी वात बाजूला ठेवली. आपल्या नवऱ्यानं स्वतः आणलेल्या वस्तूतली खोट कबूल केल्याचं त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांनी बॅग मुठीत दाबली, सोडली. पुन्हा दाबली, सोडली.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या.

डोमाजींचे डोळे भरून आले. सुधाकररावांनी हर्षालीच्या पाठीवर थाप मारली. नात हिमालयात चालली तर आजोबाचं एवढं पाणी व्हावं, याचं त्यांना कौतुक वाटलं.

"शिर पोरी आत," शकुबाई म्हणाल्या. "पाहू दे कशी दिसते."

डोमाजींनी डाव्या हातानं सर्रकन चेन उघडली. हर्षाली आत शिरली आणि नाकापर्यंत बुडाली. पायाशी हातभर बॅग रिकामीच राहिली. चेन ओढायला तिनं उजवा हात वाकडा करून पाहिला, मग नाद सोडला.

"वाढतं वय हाय तिचं," डोमाजी म्हणाले.

"बाविसाव्या वर्षी?" शकुबाईंनी विचारलं.

त्यांनी खाली वाकून तो रिकामा हातभर भाग चाचपला, मग समोर उभ्या असलेल्या सहा फुटी नवऱ्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"पोरीची उंची पाच फूट. चेन डावऱ्या हाताची. अन् म्हशीची सरकी रोज जेवढी जाते तेवढीच परत येते, मी मोजून राह्यली. हर्षाली कुठंच जाऊन नाई राह्यली, तुमी चालले. मी 'जाऊ दे' म्हनलं ते नातीले. आता सोतासाठी विचारा, अन् या खेपेला खरं बोलून विचारा."