एक स्कूटर कमी

नातीने कॉम्प्युटरमध्ये आमचा जुना पूल उभा केला आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या मोजणीवरून त्यावर गाड्या सोडल्या. कोणती गाडी कधी चढली, कधी उतरली, सगळं आपोआप टिपलं जात होतं. तेव्हा हे काम आम्ही माणसं करायचो. पुलाच्या त्या टोकाला एक मोजणीदार, या टोकाला मी. मांडीवर पाव-पाव तासाचे रकाने आखलेला तक्ता, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी.

"आजी, तुझं काम एकदम चोख गं. एक हातगाडीसुद्धा सुटलेली नाही. फक्त दर शुक्रवारी पावणेसहाला एक स्कूटर पुलावर चढते, ती तुझ्या टोकाला उतरतच नाही."

"डोळा लागला असेल माझा."

"दर शुक्रवारी?"

ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "अगं, ती माझी स्कूटर! आपलं लग्न ठरायच्या आधीची. ऑफिसातल्या टायपिस्टबाईंना स्टेशनवर सोडायचो मी. हिच्यासमोरूनच जायचो की, हातसुद्धा करायचो."

मी चष्मा पुसत राहिले. काच स्वच्छच होती.

"आजी, दोन्ही टोकांचा आकडा जुळल्याशिवाय माझं काम पुढे जात नाही. धरू ना आता ती स्कूटर?"

"धर. पण मागच्या सीटवर कुणी नव्हतं, असं लिहिता येत असेल तरच."